१/१४४ टायगर मॉथ: मापं बरोबर, तरी विमान ओळखू येईना (एका मॉडेलची केस)

डी हॅविलंड टायगर मॉथ हे जुनं ब्रिटिश शिकाऊ बायप्लेन, म्हणजे एकावर एक दोन पंख असलेलं विमान. त्याच्या पंखांचा पसारा ८.९४ मीटर आणि लांबी ७.२९ मीटर. १/१४४ स्केलला, म्हणजे १४४ पट लहान करून, आणलं की ६२ मिलिमीटर बाय ५१ मिलिमीटर, म्हणजे काडेपेटीपेक्षा जरासं मोठं. माझ्या एका मित्राने हे विमान किट न वापरता प्लॅस्टिक शीट आणि तारेतून बनवलं. पसारा बरोबर, लांबी बरोबर, कॉकपिटमध्ये इन्स्ट्रुमेंट पॅनल, सीटबेल्ट, सगळं. तक्रार एकच, की ज्यांना जुन्या विमानांतलं कळतं तेसुद्धा बघून "मस्त बायप्लेन आहे, कुठलं?" असं विचारतात. टायगर मॉथ आहे हे सांगावं लागतं. आता हे विमान काही दुर्मिळ नाही, आठ हजारांच्या वर बनली, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि कॉमनवेल्थचे कितीतरी पायलट पहिल्यांदा याच्यावरच उडायला शिकले, त्याचे फोटो ढिगाने आहेत. मग लोकांना ओळखू का येत नाही?

त्याचं स्वतःचं निदान असं होतं की डिटेल कमी पडतंय. म्हणून तो आणखी डिटेल घालायच्या बेतात होता, पॅनलवरच्या घड्याळांचे डेकल (चिकटवायची छापील चित्रं), कंट्रोल केबल वगैरे. मी म्हटलं थांब जरा, आधी फोटो काढून बघू.

फोटोचं पण एक गणित आहे आणि ते बरेच जण विसरतात. खऱ्या विमानाचा फोटो समजा २० मीटरवरून काढलाय, तर मॉडेलचा फोटो त्याच्याशी जुळवायला कॅमेरा २० मीटर भागिले १४४ एवढ्या अंतरावर पाहिजे, म्हणजे जवळपास १४ सेंटिमीटर. तरच पर्स्पेक्टिव्ह सारखा येतो. मोबाईल एवढ्या जवळून बऱ्यापैकी फोकस करतो, त्यामुळे काम सोपं. एक जुना फोटो घेतला, पुढून तिरपा, जमिनीवर उभं विमान, आणि मॉडेल त्याच कोनात फिरवून १४ सेंटिमीटरवरून फोटो घेतला, मग दोन्ही एकावर एक ठेवून वरचा अर्धा पारदर्शक केला. नाक जुळवलं तर पंखांची टोकं जुळेनात. टोकं जुळवली तर नाक कुठच्या कुठे. मित्राने दोनतीनदा मॉडेल फिरवून बघितलं, मग गप्प बसला.

त्याचे पंख सरळ होते.

टायगर मॉथचे पंख सरळ नाहीत, मागे झुकलेले आहेत. ते तसे का आहेत हे कळलं की पुन्हा कधी विसरत नाही माणूस. याचा पूर्वज म्हणजे डीएच ६० मॉथ, १९२५ चं विमान, पंख सरळ, वरच्या पंखाचा मधला भाग बरोबर पुढच्या कॉकपिटच्या डोक्यावर आणि त्याला धरणारे छोटे खांब पुढच्या माणसाच्या आजूबाजूला. शिकाऊ विमान म्हणून रॉयल एअर फोर्सला हे चालेना, कारण पुढे बसणारा इन्स्ट्रक्टर पॅराशूट बांधून घाईत बाहेर पडायला गेला तर वरती पंख आणि बाजूला खांब. मग कंपनीने वरच्या पंखाचा मधला भाग उचलून पुढे नेला, कॉकपिटच्याही पुढे. पण पंख पुढे गेला की लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलणारा जोर, तोही पुढे जातो आणि विमानाचा तोल बिघडतो, म्हणून पंखांची टोकं मागे ओढली, लिफ्ट परत जागेवर. म्हणजे हा झुकाव स्पीडसाठी नाही, जेट विमानांशी त्याचा काही संबंध नाही, निव्वळ तोल सांभाळायला केलेला जुगाड आहे. खालच्या पंखांचा डायहेड्रल (पंख मुळापासून टोकाकडे वर चढतो तो कोन) पण वाढवला, टोकं जमिनीपासून आणखी वर राहावीत म्हणून. डीएच ८२, म्हणजे टायगर मॉथ, पहिल्यांदा उडालं २६ ऑक्टोबर १९३१ ला, स्टॅग लेनवरून, आणि त्याची जी काही ओळख आहे ती या बदलांतच आहे.

मित्राने मापं घेतली होती ती सगळी लांबीची. पसारा, लांबी, उंची, चाकांमधलं अंतर. कोन एकही मोजला नव्हता, तो नुसत्या नजरेने ठेवला होता. त्यामुळे झालं काय तर मापं टायगर मॉथची आणि चेहरा त्याच्या पूर्वजाचा, किंवा खरं तर त्या काळच्या कुठल्याही बायप्लेनचा.

इथे माझं मत सांगून टाकतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच्यावरून झाले. इतक्या लहान स्केलमध्ये लांबी १४४ पट लहान होते, जाडी तेवढी लहान करताच येत नाही कारण मटेरियल साथ देत नाही, पण कोन आहे तेवढाच राहतो. समजा कोन दहा अंशांचा असला, तर खऱ्या विमानातही दहा आणि ६२ मिलिमीटरच्या मॉडेलमध्येही दहाच. म्हणजे अख्ख्या मॉडेलमध्ये शंभर टक्के खरी ठेवता येईल अशी ही एकच गोष्ट आहे आणि आपण तीच नजरेवर सोडतो. शिवाय मॉडेल आपण बघतो ते ४० सेंटिमीटरवरून, गुणिले १४४ म्हणजे खऱ्या विमानापासून ५८ मीटर लांब उभं राहून बघितल्यासारखं. ५८ मीटरवरून कोणाला सीटबेल्ट दिसतो? दिसते ती बाह्यरेषा, रंग, आणि विमान जमिनीवर कसं बसलंय ते.

मित्राला हे पटलं पण लगेच नाही. त्याचं म्हणणं होतं की आहे ते मॉडेल ठेवू, वरचा पंख तेवढा सोडवून मागे वाकवू. नाही जमत. अर्धा मिलिमीटर जाडीचा तयार पंख त्याच्याच प्रतलात वाकत नाही, कडेला सुरकुती येते नाहीतर तुटतो, आणि वरचा एकटा मागे नेला तर मधले खांब सगळे वाकडे. शेवटी ठरलं असं की धड आणि शेपूट ठेवायचं, पंख चारही नवीन, खांब नवीन, आणि नाकाला पुट्टी.

नाकाचं आधी सांगतो कारण ते पटकन झालं. टायगर मॉथचं इंजिन उलटं बसवलेलं आहे, सिलेंडर खाली आणि क्रँकशाफ्ट वर, म्हणजे पायलटला समोरचं जास्त दिसतं. डीएच ८२ए मध्ये १३० हॉर्सपॉवरचं जिप्सी मेजर. त्यामुळे प्रोपेलरचा दांडा नाकाच्या मध्यावर नसतो, वरच्या कडेजवळ असतो आणि त्याखाली हनुवटी खोल उतरते. मित्राने प्रोपेलर बरोब्बर मधोमध लावला होता. भोक बुजवलं, एक मिलिमीटरच्या आसपास वर नवीन पाडलं, खाली पुट्टी भरून हनुवटी घासली. पंख नसतानाही नुसतं धड टेबलवर ठेवलं तर ते टायगर मॉथकडे सरकल्यासारखं दिसायला लागलं, आणि इथून पुढे मित्राचा विरोध संपला :)

आता पंख. खऱ्या पंखाची रुंदी १/१४४ मध्ये साधारण सव्वानऊ मिलिमीटर, सेक्शन पातळ, त्यामुळे अर्धा मिलिमीटरची शीट पुरते. तिला हलका बाक द्यायला शीट एका पाईपवर चिकटपट्टीने घट्ट बांधायची आणि गरम पाण्यात धरायची, उकळत्या नको, मग तशीच गार होऊ द्यायची. यात एक बारीक गोष्ट अशी की पंख मागे झुकलेला आहे, तर पंखाची पुढची कड पाईपला समांतर आली पाहिजे, विमानाची मध्यरेषा पाईपला काटकोनात ठेवून चालत नाही. म्हणून आधी शीटवर झुकावाची रेघ मारून घ्यायची, ती रेघ पाईपवर जुळवायची, बाक आल्यावर मग पंख कापायचा आणि मुळाकडची कड तिरपी घासायची. हे उलट्या क्रमाने केलं तर पंखाला पीळ पडतो आणि तो पीळ नंतर कशाने जात नाही. मागची कड आतल्या बाजूने घासून जितकी पातळ करता येईल तितकी करायची, ०.१५ मिलिमीटरच्या खाली गेलं की ती फाटायला लागते, तिथे थांबायचं.

कापडाखालच्या रिब्स (पंखाच्या आतल्या फासळ्या) दाखवायच्या की नाही यावर आमचा थोडा वाद झाला. त्याने पहिल्या पंखांवर रिब्स कोरल्या होत्या, आणि मेहनत खूप घेतली होती हे मान्य. पण विमानाच्या ताणलेल्या कापडाचा झोळ असून असून किती असणार, काही मिलिमीटर. भागिले १४४ केलं तर राहतं ते रंगाच्या थराएवढं पण नाही. कोरलेल्या रेषा म्हणजे खऱ्या विमानाच्या पंखावर बोटभर खोल चर. नवीन पंख गुळगुळीत ठेवले, रंग झाल्यावर रिब्सच्या जागी त्याच रंगाची किंचित गडद छटा, तीही अशी की तिरप्या उजेडात दिसली तर दिसली. एलेरॉन (विमान कलवणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा) मात्र कोरले, आणि ते फक्त खालच्या पंखांवर, कारण टायगर मॉथला वरच्या पंखावर एलेरॉन नाहीतच, वरती पुढच्या कडेला स्लॅट नावाच्या हलत्या पट्ट्या आहेत. पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मधल्या भागात असते, थोडी फुगीर, ती शीटच्या दोन थरांतून घासून काढली.

खरी केस आहे ती जोडणीची. बायप्लेनमध्ये सगळ्यांची सवय अशी की खालचा पंख लावायचा, त्याच्यावर खांब उभे करायचे, आणि त्या खांबांवर वरचा पंख ठेवायचा. म्हणजे वरच्या पंखाचा कोन ठरवतात खांब. आता या मॉडेलमध्ये खांब जेमतेम दहा मिलिमीटरचा, तो हाताने कापणार, त्यात पाव मिलिमीटरची चूक ही चूकसुद्धा म्हणता येणार नाही इतकी साधी. पण मधल्या भागापासून वीस मिलिमीटर लांब असलेल्या खांबात पाव मिलिमीटर कमी पडला की पंख पाऊण अंशाने झुकतो. वरच्या पंखाचा सगळा डायहेड्रलच तीन अंशांच्या आत आहे, त्यातला पाऊण अंश एका बाजूला गेला तर समोरून बघताना विमान सरळ सरळ वाकडं दिसतं, आणि बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, फक्त काहीतरी खटकतं.

म्हणून क्रम उलटा केला, आणि विमानही उलटं. आधी जिग, म्हणजे जोडणीचा साचा, केला: जाड शीटवर पंखांचा वरून दिसणारा आराखडा चिकटवला, मध्यरेषा आणि झुकावाच्या रेषा लांबपर्यंत वाढवून, कारण पाच सेंटिमीटरच्या रेषेवर अर्धा अंश डोळ्याला कळत नाही, वीस सेंटिमीटरच्या रेषेवर लगेच कळतो. त्यावर वरचा पंख पाठीवर झोपवला. उलटा ठेवला की डायहेड्रलमुळे टोकं खाली येतात, म्हणून मधल्या भागाखाली दीड मिलिमीटरची पट्टी ठेवली आणि टोकं शीटला टेकवली, झाला कोन फिक्स. दोन्ही टोकं टेकलीत म्हणजे दोन्ही बाजू सारख्या, मोजायची गरजच नाही. मग मधले छोटे खांब तारेचे, आणि त्यांच्यावर धड उलटं, दोन्ही बाजूला गुण्यात कापलेले ठोकळे लावून, म्हणजे ते डुलणार नाही. मग खालचे पंख मुळाशी हळू सुकणाऱ्या गोंदाने, टोकाखाली दुसरे ठोकळे, त्यांची उंची दोन्हीकडे एकच कारण एकाच पट्टीतून कापलेले. खालच्या पंखाचा डायहेड्रल वरच्यापेक्षा जास्त आहे, त्यामुळे दोन पंखांमधलं अंतर मुळाशी जास्त आणि टोकाशी कमी होत जातं. हे पण ओळखीच्या खुणांपैकी एक आहे आणि मित्राच्या पहिल्या मॉडेलमध्ये दोन्ही पंख समांतर होते.

हळू सुकणारा गोंद मुद्दाम. सुपरग्लू लावला की जे बसलं ते बसलं, इथे मात्र पंधरावीस मिनिटं बारीक ढकलाढकली करता यायला हवी. पूर्ण सुकल्यावर सुईच्या टोकावर सुपरग्लूचा कण घेऊन सांध्यात सोडला, तो आपोआप आत ओढला जातो.

आणि सगळ्यात शेवटी पंखांमधले खांब. सगळे कोन जिगने पक्के केल्यावर खांबांना करायचं उरलं एवढंच की असलेली जागा भरायची. ०.३ मिलिमीटरची तांब्याची तार दोन सपाट लोखंडी पट्ट्यांमध्ये दाबून चपटी केली, थोडी लांब कापली, चिमट्यात धरून जागेवर लावून बघायची, घासायची, परत लावून बघायची. प्रत्येक खांब वेगळा निघाला, थोडासाच, पण वेगळा. सगळे एकाच मापाचे आधी कापून ठेवले असते तर पंखाला तो फरक सोसावा लागला असता. एक खांब चिमट्यातून उडाला आणि फरशीने गिळला, तो काही सापडला नाही, पण तार आहे म्हटल्यावर कोण शोधत बसतं.

जिगवरून सुटं करून चाकांवर उभं केलं तेव्हा आणखी एक कोन राहिला होता तो कळला. हे विमान शेपटीवर बसतं, मागे चाक नाही, स्किड (जमिनीवर घासत जाणारी पट्टी) आहे, आणि नाक वर असतं. मित्राचे चाकांचे पाय थोडे आखूड होते, त्यामुळे नाक वर जायचं तेवढं जात नव्हतं आणि विमान दमल्यासारखं दिसत होतं. पाय बदलले.

रिगिंग, म्हणजे पंखांना ताणून धरणाऱ्या तारा. बायप्लेनबद्दल बोलताना सगळे इथेच येऊन थांबतात, मला वाटतं त्याला जरा जास्तच भाव दिला जातो, तरी पण सांगतो. खऱ्या तारा समजा सहा मिलिमीटर धरल्या तर १/१४४ मध्ये ०.०४ मिलिमीटर. माणसाचा केस साधारण ०.०७, म्हणजे स्केलमध्ये एक सेंटिमीटर जाड दोर. मित्राने पहिल्या वेळी इलास्टिक धागा वापरला होता, काळा. धागा ताणून लावला की तो कायम ओढत राहतो, आणि अर्धा मिलिमीटरच्या पंखाला कायमची ओढ म्हणजे आपण जिगवर एवढं सांभाळलेला डायहेड्रल हळूहळू खाली येणार. तापवून ओढलेला स्प्रू (किटमधले भाग ज्याला जोडलेले असतात ती प्लॅस्टिकची दांडी) चालतो, पण तो सैल पडला तर ताणायला उदबत्ती जवळ न्यावी लागते, आणि शेजारी एवढा पातळ पंख असताना माझी तरी हिंमत होत नाही. आम्ही ०.०५ मिलिमीटरची धातूची तार घेतली, काचेवर लाटून सरळ केली, डिव्हायडरने अंतर मोजून तेवढीच कापली आणि दोन्ही टोकांना वार्निशचा ठिपका देऊन नुसती ठेवली. ताण शून्य. ती स्वतःच्या कडकपणावर सरळ राहते आणि पंखाला काही मागत नाही.

रंग काळा ठेवला नाही. ५८ मीटरवरून तार ही रेघ म्हणून दिसत नाही, हवेत काहीतरी आहे एवढंच जाणवतं आणि ऊन पडलं तर चमकते. काळी रेघ म्हणजे कुंपण. नुसती धातूची तार, वर पातळ करड्या रंगाचा हात. सगळ्या तारा लावल्या नाहीत, पंखांमधल्या मुख्य उड्डाण तारा आणि लँडिंगच्या तारा (उडताना आणि उतरताना पंखांचा भार घेणाऱ्या) लावल्या, खांबांमधले फुल्यांसारखे आडवे आधार लावले, शेपटीकडच्या कंट्रोल केबल सोडून दिल्या. कोणी विचारलं नाही अजून.

रंगाच्या बाबतीत पहिल्या मॉडेलवर युद्धकाळातली योजना होती, वरती हिरवा आणि मातकट कॅमोफ्लाज, खाली पिवळा. कॅमोफ्लाजचं कामच बाह्यरेषा मोडणं, आणि आपण एवढा खटाटोप केला तो बाह्यरेषेसाठीच, तेव्हा मीच म्हटलं की युद्धाच्या आधीचं घे, अख्खं पिवळं. त्यात आणखी एक फायदा, शेपटीजवळ स्पिन (विमान गरगरत खाली येणं) रोखायला ज्या पट्ट्या आल्या त्या युद्धकाळातल्या, त्या बनवायच्या वाचल्या. पिवळा रंग झाकायला फार वाईट, थर वाढवत बसावं लागतं, आणि ०.०३ मिलिमीटरचा थर म्हणजे स्केलमध्ये चार मिलिमीटर जाड. म्हणून खाली फिकट गुलाबी प्रायमर, त्याच्यावर पिवळा दोन पातळ हातांत बसतो. पिवळ्यात थेंबभर पांढरा मिसळला, लहान वस्तूवर शुद्ध रंग खेळण्यासारखा भडक दिसतो.

इन्स्ट्रुमेंट पॅनल तसंच आत आहे, काढलं नाही. कॉकपिटच्या तीन-चार मिलिमीटरच्या भोकातून टॉर्च मारली तर दिसतं, आणि मित्र येणाऱ्या प्रत्येकाला टॉर्च मारून दाखवतो, त्याचा हक्क आहे तो. जुने सरळ पंख पण टाकू दिले नाहीत मी त्याला, रिब्स घासून काढल्या आणि टोकाला थोडी भर घातली तर डीएच ६० ला चालतील, त्याच्या नंतरच्या प्रकारांचा पसारा या विमानापेक्षा किंचितच जास्त होता.

नवीन मॉडेलचा फोटो परत १४ सेंटिमीटरवरून घेऊन जुन्या फोटोवर ठेवला. नाक, पंखांची टोकं आणि शेपूट एकाच वेळी जुळतात. डावा खालचा पंख केसभर वर आहे, मला दिसतो, मित्र म्हणतो दिसत नाही.

राहिलंय ते फक्त सिरियल नंबर. आठ इंच उंचीची अक्षरं असतात, १/१४४ मध्ये १.४ मिलिमीटर, आणि घरच्या प्रिंटरवर त्यातली गोल अक्षरं भरून जातात, डेकलची कड पण पिवळ्यावर उठून दिसते. सध्या बाजू कोऱ्या आहेत, रौंडेल (हवाई दलाची गोल खूण) तेवढे लावलेत. अक्षरं चांगली छापून मिळाली तर लावू, नाहीतर असंच राहील.